मुंबईसाठी बहुविद्याशाखीय संशोधन: तंत्रज्ञान, शाश्वतता आणि समाजस्वास्थ्य – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या शैक्षणिक धोरणामुळे मुंबईतल्या महाविद्यालयांत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी जोडलेले प्रकल्प अभ्यासक्रमातच आले. अभियांत्रिकीची मुलं वस्तीत जाऊ लागली आहेत आणि समाजशास्त्राची मुलं सेन्सर हातात घेऊ लागली आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. पण विषय ठरवायला बसलं की तेच ते प्रश्न अडतात. विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक, वस्त्यांमधले कार्यकर्ते आणि कधी कधी पालकही जे विचारतात, त्यातले मुख्य प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं शक्यतो मुंबईतल्याच उदाहरणांवरून दिली आहेत.

बहुविद्याशाखीय संशोधन म्हणजे नेमकं काय?

व्याख्येऐवजी एक उदाहरण घेऊ. मानखुर्द-गोवंडीचा, म्हणजे महापालिकेचा एम पूर्व विभाग क्षयरोगामुळे बरीच वर्षं चर्चेत आहे. रस्ते, नाले, रेल्वे यांच्या कामांत ज्यांची घरं गेली, अशा हजारो कुटुंबांना तिथल्या बहुमजली पुनर्वसन इमारतींत २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. झोपडी जाऊन पक्क्या भिंती आल्या, नळ आणि संडास घरात आला. तरी क्षयाचे रुग्ण निघतच राहिले.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या तीन वसाहती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. एकीकडे घरोघरी जाऊन आरोग्याची विचारपूस झाली, दुसरीकडे त्याच इमारतींमध्ये उजेड किती पोचतो, वारा किती खेळतो याचं गणित संगणकावर मांडलं गेलं. जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि खालच्या मजल्यांना आभाळच दिसत नाही, तिथे क्षयाचा भार जास्त निघाला. मांडणी मोकळी होती त्या वसाहतीत तो कमी होता. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. हवा हलली नाही की खोकणाऱ्या माणसाच्या खोलीत ते तरंगत राहतात, आणि त्याच खोलीत बाकीचं कुटुंब झोपलेलं असतं.

आता हा प्रश्न कुणाचा? डॉक्टरांना रुग्ण दिसतात, पण दोन इमारतींमध्ये किती अंतर ठेवायचं हे त्यांच्या हातात नसतं. वास्तुविशारदाला अंतर कळतं, पण वरच्या मजल्यावर आणि तळमजल्यावर कोण आजारी पडतं याची नोंद त्याच्याकडे नसते. नगररचनेचा नियम लिहिणाऱ्याकडे दोन्ही नसतं. तिघांचं ज्ञान एकाच प्रश्नावर एकत्र आणलं, तेव्हा कुठे कळलं की क्षयाच्या गोळीइतकाच इमारतींमधल्या अंतराचा नियमही आरोग्याचा विषय आहे. बहुविद्याशाखीय संशोधन म्हणतात ते हेच.

मग चार विभागांच्या प्राध्यापकांनी एकेक प्रकरण लिहिलं की झालं का?

नाही. चार प्रकरणं एका अहवालात बांधली तर तो जाड अहवाल होतो, इतकंच. प्रश्न ठरवतानाच सगळे एकत्र बसायला हवेत. काय मोजायचं आणि कुणाला विचारायचं हे एकदा एकाच विषयाच्या लोकांनी ठरवून टाकलं, की मागाहून आलेल्यांच्या हाती फक्त शोभेचं काम उरतं. आमच्याकडे प्रस्ताव आला की मी पहिल्यांदा एवढंच बघते: समाजशास्त्राचा माणूस पहिल्या बैठकीला होता, की शेवटच्या महिन्यात ‘सामाजिक परिणाम’ लिहायला बोलावला?

हे परदेशातून आलेलं नवं फॅड आहे का?

मुंबईला तरी हे नवं नाही. १८९६ साली मांडवी भागात प्लेग दिसला. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीवाटीच्या वस्त्या पाडून, रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा शहरात आणायचा, हा त्यामागचा विचार. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातूनच झाले.

म्हणजे वैद्यक होतं, स्थापत्य होतं, पैसाही होता. पण पाडलेल्या खोल्यांतल्या गिरणी कामगाराला आणि हमालाला, कामाच्या जागेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, परवडेल अशा भाड्यात खोली कुठे मिळणार, हा प्रश्न त्या मांडणीत शेवटी आला. लोक शेजारच्या गल्लीत सरकले आणि तिथली दाटी वाढली. या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि या पानावरच्या बाकीच्या उत्तरांमागेही तीच आहे: ज्या विद्याशाखेला आपण बैठकीबाहेर ठेवतो, तिच्या गैरहजेरीची किंमत वस्तीतला माणूस मोजतो.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ होते आणि जगभर ओळखले जात ते नगररचनाकार म्हणून. शंभर वर्षांपूर्वी या शहरात अशा माणसाला समाजशास्त्र शिकवायला बोलावलं जात होतं.

तंत्रज्ञान, शाश्वतता आणि समाजस्वास्थ्य या तिन्हींचा एकत्र विचार कशासाठी? एकेक घेतलं तर काय बिघडतं?

छपरांना पांढरा रंग देण्याचा उपाय घ्या. विद्यार्थ्यांचा हा आवडता विषय आहे, आणि तो चांगलाच आहे. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग लावला की पत्रा कमी तापतो, खालची खोली थंड राहते आणि पंख्या-कुलरचं वीजबिल वाचतं. भौतिकशास्त्र पक्कं आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, त्यानंतर तिथे अशा छपरांचं कामही पुढे गेलं.

तोच उपाय कुर्ल्याच्या किंवा मालवणीच्या गल्लीत आणला की काय होतं ते बघा. मेच्या अखेरीस पावसाची चाहूल लागली की घरोघरी निळी ताडपत्री निघते. ती पत्र्यावर पसरून तिच्यावर जुने टायर, विटा, दगड ठेवले जातात. गळती थांबवायची तर दुसरा मार्ग नसतो. ही ताडपत्री गणपती, नवरात्र उलटून जाईपर्यंत वरच राहते. म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा हवेत दमटपणाही असतो, तेव्हा तुमचा पांढरा रंग निळ्या ताडपत्रीखाली झाकलेला असतो. पावसाळ्यानंतर ती काढली तर खाली धूळ, शेवाळ आणि टायरांचे काळे गोल. प्रयोगशाळेत रंग किती ऊन परतवतो हे मोजणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ती पहिल्या वाक्यात सांगेल.

तिथून पुढे प्रश्न उलगडत जातो. गळती आणि ताप दोन्ही एकदम थांबवेल असं छप्पर करता येईल का? हा साहित्यशास्त्राचा प्रश्न. खोली भाड्याची असेल तर रंगाचे पैसे मालक देणार की भाडेकरू, आणि खोली सुधारली म्हणून भाडं वाढलं तर? हा अर्थशास्त्राचा. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर कोण झोपतं? हा घरातल्या नातेसंबंधांचा. दुपारी बारा ते चार त्या खोलीत कोण असतं? बहुतेक वेळा घरातूनच काम करणाऱ्या बायका असतात. इमिटेशन ज्वेलरीचे खडे बसवणाऱ्या, गजरे ओवणाऱ्या, शिलाई करणाऱ्या. हा श्रमाचा आणि आरोग्याचा प्रश्न.

त्यात मोजमापाचीही एक अडचण आहे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. शास्त्रीय नोंदीसाठी तो तसाच असायला हवा. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर करायची तर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर, असा निकष आहे. पण पत्र्याच्या खोलीतली रात्र या निकषात कुठेच येत नाही. म्हणून छोटा तापमान-आर्द्रता नोंदवणारा यंत्रतुकडा खोलीत टांगून ठेवणं आणि त्याच घरातल्या माणसाला ‘काल झोप किती वाजता लागली?’ असं विचारणं, या दोन्ही नोंदी जोडीनेच घ्याव्या लागतात.

या तिन्ही गोष्टी जुळून आल्याचं एखादं चांगलं उदाहरण मुंबईत आहे का?

आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्राने ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत करणारं ‘निसर्गऋण’ नावाचं तंत्र विकसित केलं. दुसरीकडे १९७५ पासून काम करणाऱ्या स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित करण्याचं काम ‘परिसर विकास’ या नावाने चालवलं होतं. हे दोन धागे जुळले. कचरावेचक बायकांनी प्रशिक्षण घेऊन असे बायोगॅस प्रकल्प चालवायला घेतले.

हे का जमलं याकडे लक्ष द्या. असा प्रकल्प बंद पडतो तो मुख्यतः आत जाणाऱ्या कचऱ्यामुळे. करवंटी, हाडं, प्लॅस्टिकच्या पिशव्या ओल्या कचऱ्यात गेल्या की यंत्र अडतं आणि जंतूंचं काम मंदावतं. कचरा हातात घेताक्षणी त्यात काय आहे हे ज्यांना कळतं, त्या या बायका. जे कौशल्य समाजाने कधी कौशल्य मानलं नाही, तेच या तंत्राची गरज होती. आणि त्या बदल्यात बाईला देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर उन्हात वाकण्याऐवजी हातमोजे, गमबूट आणि ठरलेली मजुरी असलेलं काम मिळालं. कचरा कमी झाला, गॅस मिळाला, माणसाचा मान वाढला. यातला एक पाय काढला तर बाकीचे दोन उभे राहत नाहीत.

शहराचे सरासरी आकडे उपलब्ध असताना वस्तीनिहाय अभ्यासाची गरज काय?

मुंबईत सरासरी आकडा हमखास फसवतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात सुमारे ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी. दोन्हींची सरासरी काढली तर जो आकडा येतो, तसा पाऊस कुठल्याच मुंबईकराने पाहिला नाही.

दुसरं उदाहरण करोनाच्या काळातलं. जुलै २०२० मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, नीती आयोग आणि महापालिका यांच्या पुढाकाराने एफ उत्तर, एम पश्चिम आणि आर उत्तर या तीन विभागांत रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तपासण्यात आली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं, बिगर-झोपडपट्टीत १६ टक्के. एकाच विभागात, रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला एवढा फरक. याच्या कारणांत सामायिक शौचालयं आणि दाटी यांचा विचार करावा लागला. म्हणजे विषाणूचा अभ्यास संडासाच्या रांगेपर्यंत आला.

पूर हा तर अभियंत्यांचा विषय आहे ना?

नाल्याची क्षमता हा त्यांचाच विषय आहे. जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस पेलतील अशा हिशेबाने बांधल्या होत्या. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ५० पर्यंत नेण्याचा आराखडा दिला, आणि २००५ च्या महापुरानंतर त्या कामाला वेग आला. पाणी उपसणारी उदंचन केंद्रं झाली, पावसाचे ढग टिपणारं डॉप्लर रडार आलं, २०२० मध्ये ‘आय-फ्लोज’ ही पुराची पूर्वसूचना देणारी प्रणाली सुरू झाली.

पण पूर्वसूचना मिळाल्यावर माणूस काय करतो? मिठीकाठच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी येणार म्हटलं की गादी, गॅस आणि कागदपत्रांची पिशवी पोटमाळ्यावर चढवायला दोन माणसं लागतात. घरात त्या वेळी फक्त आजी आणि शाळेतलं पोर असेल तर? धुणीभांडी करणाऱ्या बाईला खाडा केला तर पगार कापला जातो, म्हणून इशारा कळूनही ती घराबाहेर पडते. इशाऱ्याची अचूकता वाढवणं आणि इशारा पाळणं परवडेल अशी व्यवस्था करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामावर फार कमी संशोधन होतं. विषय शोधत असाल तर हा घ्या.

स्थानिक लोकांच्या ज्ञानाला ‘संशोधन’ म्हणायचं का?

त्याला आधार मानायचं, तपासायचं आणि श्रेय द्यायचं. वरळी कोळीवाड्याचं उदाहरण ताजं आहे. सागरी किनारा रस्त्याचे खांब समुद्रात उभे राहायचे होते. त्यांतलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. क्लीव्हलँड बंदरातून होड्या काढणारे कोळी सांगत होते की वारा, भरती आणि लाटा एकदम आल्या की एवढ्या फटीतून होडी सुरक्षित निघत नाही. त्यांची मागणी मोठ्या अंतराची होती. दीर्घ आंदोलनानंतर २०२२ च्या अखेरीस ते अंतर १२० मीटर करण्यावर तडजोड झाली. त्या वाटेवर खडक कुठे आहेत, पावसाळ्यात लाट कुठून फिरते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणारी माणसं आराखड्याच्या पहिल्या दिवशी टेबलाशी असती, तर इतका संघर्ष, वेळ आणि खर्च कशाला लागला असता?

विद्यार्थ्यांना एक सूचना: कोळीवाड्यात जाऊन ‘माहिती द्या’ म्हणू नका. तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, बोलायचं तर जाळी दुरुस्त करत बसलेला असताना, त्याच्या सवडीने बोला. आणि त्याने सांगितलेलं तुमच्या नकाशावर त्याच्याकडूनच तपासून घ्या.

आम्हाला फक्त एक ॲप बनवायचं आहे. त्यात समाजशास्त्र कुठे आलं?

ॲप कोणाच्या फोनवर चालणार, तिथपासून आलं. अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसा कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. ओटीपी त्या फोनवर येतो आणि अर्ज भरणारी बाई घरी असते. रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या यंत्राचंही तसंच. वर्षानुवर्षं भांडी घासून, सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. बाई बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते, मागची रांग कुरकुरते. यंत्र बिघडलेलं नसतं. ते बनवताना कोणाचं बोट डोळ्यांसमोर होतं, एवढाच प्रश्न असतो. म्हणून कोड लिहिण्याआधी दोन-तीन दिवस रेशनच्या रांगेजवळ उभे राहा.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उपग्रहाची छायाचित्रं वापरून घरोघरी जाणं टाळता येईल का?

काही प्रमाणात. छपरांचा प्रकार, झाडांची सावली, कांदळवनाची घट-वाढ हे उपग्रहावरून छान कळतं. छपराखाली किती कुटुंबं राहतात, भाडं कोण भरतं, पाणी किती वाजता येतं हे कळत नाही. नकाशावर एक छप्पर दिसतं, प्रत्यक्षात खाली एक कुटुंब, वर दुसरं आणि पोटमाळ्यावर जरीकामाचा कारखाना असतो.

आकडेवारी कुठून मिळवायची?

पाऊस आणि तापमानासाठी हवामान खात्याची कुलाबा आणि सांताक्रूझ केंद्रं. हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची तासातासाची नोंद. आरोग्य आणि पोषणासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याची पाचवी फेरी २०१९–२१ ची असून त्यात मुंबई शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे वेगळे दिले आहेत. हे सर्वेक्षण पार पाडणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या देवनारलाच आहे. २०११ ची जनगणना वापरताना ती किती जुनी झाली आहे याचं भान ठेवा.

बाकी महापालिकेकडून हवी असलेली माहिती माहिती अधिकार कायद्याने, दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातच टाका. ‘पाणीपुरवठ्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. कोणता विभाग, कोणतं वर्ष, कोणती नोंदवही, हे नेमकं लिहा.

वस्तीत सर्वेक्षण करायला परवानगी लागते का?

आरोग्याशी संबंधित काहीही विचारणार असाल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. अशा समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. लहान मुलांशी बोलायचं तर पालकांची संमती हवी. नाव, फोन नंबर, आधार क्रमांक गरज नसेल तर लिहूनच घेऊ नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर याचं गांभीर्य आणखी वाढलं आहे.

पण कागदी परवानगीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेळ. नळाला पाणी येण्याच्या वेळी दार वाजवू नका. त्या अर्ध्या-पाऊण तासात दिवसभराचं पाणी भरायचं असतं, आणि समोर मुलं वही घेऊन उभी राहिली तर बाई सौजन्याने थांबते आणि तिचा एक हंडा कमी भरतो. संडास, खोल्यांच्या आतल्या बाजू, भांडणं यांचे फोटो काढू नका. आणि मदतीचं खोटं आश्वासन देऊ नका. ‘ताई, नळ येणार का आता?’ असं कुणी विचारलं तर सरळ सांगा की आम्ही विद्यार्थी आहोत, नळ आणणं आमच्या हातात नाही, पण तुम्ही सांगितलेलं लिहून तुम्हालाच आणून देऊ. आणि मग खरंच आणून द्या.

अहवाल इंग्रजीतच लिहावा लागतो. मराठीचं काय?

परीक्षेसाठी लागेल त्या भाषेत लिहा. पण वस्तीसाठी दोन पानांचा सारांश तिथल्या भाषेत हवाच. ती भाषा मराठी असेल, धारावीच्या काही भागांत तमिळ, तर गोवंडीत हिंदी किंवा उर्दू. संमतीपत्रही त्याच भाषेत हवं आणि ते मोठ्याने वाचून दाखवा.

शोधनिबंध कुठे छापावा? ‘मल्टिडिसिप्लिनरी’ नावाच्या बऱ्याच जर्नलांचे मेसेज येतात.

या प्रश्नावर मी जरा कळकळीने बोलणार आहे. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणारी अनेक नियतकालिकं आपल्या नावात हाच शब्द वापरतात. कारण सरळ आहे: सगळे विषय चालतात म्हटलं की सगळ्यांकडून शुल्क घेता येतं. बहुविद्याशाखीय कामाची खरी तपासणी साध्या कामापेक्षा अवघड असते, कारण दोन-तीन विषयांचे जाणकार शोधावे लागतात. ती चार दिवसांत होऊच शकत नाही.

आयएसएसएन क्रमांक हा नियतकालिकाला मिळालेला नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांच्या स्वतःच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, जुने दोन-तीन निबंध वाचून काही कळतं का, हे पाहा. व्हॉट्सॲपवर ‘आजच पाठवा, उद्या प्रमाणपत्र’ असा मेसेज आला तर तिथेच थांबा. २०२२ च्या नियमांनंतर पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापण्याची आयोगाची सक्तीही राहिलेली नाही, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा नियम नीट वाचल्याशिवाय घाईत पैसे भरू नका. एका मुलीच्या स्कॉलरशिपचे पैसे असे गेलेले मी पाहिले आहेत.

मुंबईत हे कुठे शिकता येतं?

पवईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रपर्याय शोधणारं ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून. गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. पण आधी आपल्याच महाविद्यालयातल्या दुसऱ्या विभागाचं दार वाजवा. आंतरविद्यापीठीय ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा हेही सुरुवातीला चांगलं व्यासपीठ आहे.

अशा संशोधनाने प्रत्यक्षात काही बदलतं का?

एकट्या अहवालाने क्वचितच. मुंबईतल्या पाण्याचं उदाहरण घ्या. नियोजनात दीर्घकाळ झोपडपट्टीतल्या माणसासाठी रोज ४५ लिटर आणि इमारतीतल्या माणसासाठी १३५ लिटर असा मापदंड होता, आणि ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना तर अधिकृत पाणीच नव्हतं. पाणी हक्क समितीने याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि महापालिकेने या लोकांसाठीही धोरण करावं. घर अधिकृत ठरलं नाही, पण तहान अधिकृत ठरली. असा हक्क मागायला वस्तीतल्या लोकांची चिकाटी लागते, आणि कोण पाण्याला किती पैसे मोजतं, किती लांबून हंडा आणतं, पोरांना काय आजार होतात, अशी वस्तुस्थिती कुणीतरी नीट नोंदवलेली असावी लागते. त्या नोंदी करणं हे आपलं काम.

एका सत्रात, चार जणांच्या गटाने, काय करता येईल?

एक गल्ली घ्या, आख्खी धारावी नको. एकच प्रश्न घ्या. गटात निदान दोन वेगळ्या शाखांची मुलं ठेवा. पहिले दोन आठवडे काहीही मोजू नका, नुसतं जा, चहा प्या, गल्लीतल्या बचतगटाच्या ताईंना आणि आशाताईंना विचारा की इथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. त्यांनी सांगितलेल्या त्रासातून प्रश्न काढा. मग सात-आठ घरांत तापमापक टांगा किंवा नळाच्या वेळा लिहा, जे प्रश्नाला लागेल ते. आठवड्याच्या आठवड्याला चौघांनी एकत्र बसून नोंदी वाचा, आपापल्या वाटून घेऊ नका. अहवाल महाविद्यालयात द्यायच्या आदल्या रविवारी गल्लीत वाचून दाखवा, दुपारी चारनंतर, पाण्याची वेळ टाळून. तिथे लोक जे खोडून काढतील ते खोडा आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती करूनच सोमवारी अहवाल जमा करा.